वाचन

मी विहिरी वाचतो. खात्याची नोकरी आहे.
टेपच्या टोकाला खडू फासायचा, कठड्यावरून खाली सोडायचा,
ओल जिथवर चढली तो आकडा वहीत.
वर्षातून चार वेळा. वीस वर्षं झाली.
साहेब विचारतात, वाचन झालं?
मी म्हणतो, झालं.

सीनेच्या काठाला, मोहोळच्या खाली,
माझ्या यादीतल्या दोन विहिरी अर्ध्या कोसावर आहेत.
पहिली ओसाड गावाच्या कडेला. त्या गावाला नाव उरलेलं नाही,
लोक नुसतं पांढरी म्हणतात.
तिची माती ट्रॉलीनं काळीत नेऊन टाकतात,
जिथं माणसं राहून गेली तिथली राख
ज्वारीला मानवते.

त्या टेकाडावर मी जेवायला बसतो.
भाकरी, शेंगाचटणी, बुडाखाली खापरं.
हे गाव गरीब नव्हतं. घळीत पाहिलं तर
शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, घडीव दगडाची मोरी,
आणि आडच आड. बुजलेले धरून सोळा मोजले मी.
मोठ्या घराला आपापला, परसात,
भिंतीच्या आत.
शेजारचा आटला की ह्यानं दोन पुरुष आणखी खणलं असणार.
मग त्यानं. मग पुन्हा ह्यानं.
आडात होतं, पोहऱ्यात येत होतं,
तोवर कुणी कुणाला विचारलं नसणार.
सर्वांत खोल आड सर्वांत मोठ्या घराचा.
म्हणजे तो धनी सर्वांत शेवटी तहानला,
एवढंच.

दुसरी विहीर नांदत्या गावात. पिण्याची एकच.
कठड्यावर दोराच्या खाचा, बोट आत मावतं.
पाऊस तोच इथंही, सहा फुटांवर मुरूम तोच.
बहात्तरला तिच्यावर झाकण टाकून कुलूप घातलं
आणि किल्ली दिली हुसेनबी मुजावरला,
कारण तिला ना शेत होतं ना भावकी.
माणशी एक घागर.
चैतात तिचीच सून बाळंत झाली.
हुसेनबीनं दुसरी घागर दिली नाही.
गावानं दिली, घरटी एक तांब्या.

हे सांगताना चनबसप्पा उंबरजे हसत नव्हते.
म्हणाले, भांडलो फार. डोकी फुटली.
आमच्या बापानं उभा ऊस कापून जनावरांपुढं टाकला.
ऊस म्हणजे तेव्हा इज्जत, सोयरीक त्याच्यावर जुळायची.
टाकला, आणि आठ दिवस बांधाला गेला नाही.
मी विचारलं, मग टाकला का?
म्हणाले, आमच्या घरातही
त्याच विहिरीची घागर यायची ना.

मला हे पुरतं पटलेलं नाही.
नशीबही असेल. पुढच्या साली मृग लागला नसता तर
चनबसप्पाही आज माती असते, ज्वारीखाली.
आणि पांढरीतही असेल कुणी बाई कुलूप घेऊन उभी,
तिला कुणी विचारलं नसेल,
किंवा विचारलं, आणि मग रात्री कुलूप तोडलं.
खापरांवर हे लिहिलेलं नसतं.

जुळे सोलापुरात आमच्या अपार्टमेंटला नळ पाचव्या दिवशी येतो.
शेजारच्या बिल्डिंगमध्ये टॉवेलवाले नरसय्या बिर्रू,
त्यांचं बोअर सहाशे फूट.
गच्चीवर आमची मीटिंग झाली. आपण साडेसातशे मारू.
माझ्याकडं पाहून सेक्रेटरी म्हणाले,
तुम्ही तर ह्यातलेच, सांगा, लागेल ना?
आकडे मला पाठ होते.
मी म्हटलं, लागेल.
हात वर केला, सगळ्यांबरोबर.

रात्री गाडी आली. पहाटेपर्यंत जमीन घरघरत होती.
सकाळी बघतो तर स्कूटरवर, तुळशीवर,
दोरीवरच्या चादरीवर
बोटभर पांढरी धूळ.
धाकटीनं सीटवर बोटानं आपलं नाव लिहिलं
आणि विचारलं, बाबा, ही कुंडीत घालू?
नको, म्हटलं. ही नुसती दगडाची आहे,
अजून काही उगवायचं नाही हिच्यात.
त्याला माणसं जाऊन
बरीच वर्षं व्हावी लागतात.